ब्रिटिश टीव्हीवरचे कृष्णवर्णीय कलाकार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या पानावर 'कृष्णवर्णीय' म्हणजे नेमके कोण?

आफ्रिकन आणि कॅरिबियन वंशाचे कलाकार. ब्रिटनमध्ये १९७० आणि ८०च्या दशकांत भारतीय आणि पाकिस्तानी कार्यकर्तेही स्वतःला 'ब्लॅक' म्हणवून घेत, कारण घरमालक, पोलीस आणि नोकरी देणारे कृष्णवर्णीय आणि आशियाई अशा दोघांशी सारखंच वागत. त्या काळचे लेख वाचताना हे ध्यानात ठेवा, नाहीतर आकडे जुळत नाहीत. आशियाई (म्हणजे इथे दक्षिण आशियाई) कलाकारांचा इतिहास वेगळा आहे. जिथे तो या विषयात मिसळतो तिथेच आम्ही त्याचा उल्लेख केला आहे.

ब्रिटिश टीव्हीवर पहिले कृष्णवर्णीय कलाकार कधी दिसले?

नियमित सेवा सुरू झाली त्याच दिवशी तर नक्कीच. २ नोव्हेंबर १९३६ रोजी लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून बीबीसीची नियमित टीव्ही सेवा सुरू झाली आणि त्या दिवशीच्या कार्यक्रमात 'बक अँड बबल्स' ही अमेरिकन जोडी होती. बक पियानो वाजवायचा, बबल्स नाचायचा. आदल्याच वर्षी 'पोर्गी अँड बेस' या ऑपेराच्या मूळ संचात 'स्पोर्टिन लाइफ'ची भूमिका करणारा जॉन बबल्स तो हाच. युद्धापूर्वीच्या त्या तीन वर्षांत ॲडलेड हॉल आणि एलिझाबेथ वेल्च या गायिकाही पडद्यावर आल्या.

सप्टेंबर १९३९ मध्ये सेवा बंद झाली ती जून १९४६ मध्ये परत सुरू झाली. त्याच वर्षी गयानाहून आलेले रॉबर्ट ॲडम्स यांनी युजीन ओनील यांच्या एका नाटकात प्रमुख भूमिका केली.

म्हणून 'आधी कोणीच नव्हतं, मग हळूहळू येऊ लागले' ही मांडणी चुकीची आहे. माणसं पहिल्या दिवसापासून होती. त्यांना गाऊ-नाचू दिलं जात होतं. संवाद असलेली, स्वतःचं घरदार असलेली पात्रं मात्र फार क्वचित मिळत होती, आणि पुढचा सगळा झगडा त्यासाठीच झाला.

रोजच्या रोज दिसणारा पहिला चेहरा कोणाचा?

साय ग्रँट यांचा. जन्म ब्रिटिश गयानात. युद्धात ते ब्रिटिश हवाई दलात नॅव्हिगेटर होते. १९४३ मध्ये त्यांचं विमान पाडलं गेलं आणि पुढची दोन वर्षं त्यांनी जर्मन कैदेत काढली. नंतर ते बॅरिस्टर झाले, पण वकिलीचं काम मिळेना म्हणून अभिनयाकडे वळले. १९५७ मध्ये सुरू झालेल्या बीबीसीच्या 'टुनाइट' या संध्याकाळच्या कार्यक्रमात ते दिवसाच्या बातम्यांवर बेतलेलं कॅलिप्सो (कॅरिबियन धाटणीचं, चालू घटनांवरचं गाणं) गिटारवर गात.

लोकप्रियता प्रचंड मिळाली, पण सापळाही तोच ठरला. लोक त्यांना 'बातम्यांचं गाणं म्हणणारा' एवढंच ओळखू लागले आणि म्हणून त्यांनी तो कार्यक्रम सोडला. 'टुनाइट' सुरू होण्याच्या आदल्याच वर्षी, १९५६ मध्ये, त्यांनी 'अ मॅन फ्रॉम द सन' या बीबीसीच्या नाटकात काम केलं होतं, तेही लंडनमध्ये नव्याने आलेल्या कॅरिबियन स्थलांतरितांच्या जगण्यावर. म्हणजे अभिनयाची कुवत सगळ्यांना ठाऊक होती. विचारणा मात्र गाण्यासाठीच होत राहिली.

'द ब्लॅक अँड व्हाइट मिन्स्ट्रेल शो' काय होता? तो वीस वर्षं कसा टिकला?

गोरे पुरुष गायक चेहऱ्याला काळा रंग फासत, ओठांभोवती आणि डोळ्यांभोवती पांढरं ठेवत आणि अमेरिकेच्या दक्षिणेकडची जुनी गाणी म्हणत. सोबतच्या नर्तकी मात्र गोऱ्याच राहत. १९५८ ते १९७८ एवढा काळ हा कार्यक्रम बीबीसीवर चालला. १९६१ मध्ये त्याला माँट्रो महोत्सवाचा 'गोल्डन रोझ' पुरस्कार मिळाला. लंडनच्या व्हिक्टोरिया पॅलेसमध्ये त्याचा रंगमंचीय प्रयोग दहा वर्षं चालू होता.

तो टिकण्याची कारणं व्यावहारिक होती. शनिवारी रात्री अख्खं कुटुंब एकत्र बसून पाही आणि प्रेक्षकसंख्या कोटीच्या पुढे जाई. गाण्यांची सलग माळ असल्यामुळे पटकथेचा खर्च नव्हता. शिवाय बीबीसीतल्या निर्णय घेणाऱ्यांना तो 'जुनी परंपरा' वाटत होता, वंशाचा प्रश्न वाटतच नव्हता.

'तेव्हा कोणाला काही खटकत नव्हतं' असं आजही म्हटलं जातं. ते खोटं आहे. मे १९६७ मध्ये 'कॅम्पेन अगेन्स्ट रेशियल डिस्क्रिमिनेशन' या संघटनेने दोनशेहून अधिक सह्यांचं निवेदन बीबीसीला दिलं होतं. त्याच्याही आधीपासून बीबीसीचेच मुख्य लेखापाल हा कार्यक्रम लाजिरवाणा असल्याचं वरिष्ठांना लेखी कळवत होते. त्यावर एका वरिष्ठ अधिकाऱ्याचा सूर असा होता की, कृष्णवर्णीयांनी स्वतःच्याच भल्यासाठी या बाबतीत गप्प बसावं. १९६९ मध्ये रंग न लावता तेच गायक घेऊन एक वेगळी मालिका करून पाहिली, ती चालली नाही, आणि काळा रंग परत आला. म्हणजे आक्षेप काय आहे हे संस्थेला कळलेलं होतं, आणि तरीही पुढे नऊ वर्षं तो कार्यक्रम चालू राहिला.

या साऱ्याची सर्वांत जास्त किंमत कोणी मोजली हे पाहायचं तर लेनी हेन्री यांच्याकडे पाहा. १९७५ मध्ये 'न्यू फेसेस' या स्पर्धेतून पुढे आलेला हा कोवळा विनोदी नट याच मिन्स्ट्रेलच्या रंगमंचीय संचात कित्येक वर्षं कामाला होता. रंग फासलेल्या गोऱ्यांच्या त्या घोळक्यात खरा कृष्णवर्णीय तो एकटाच.

ब्रिटिश टीव्हीवर कृष्णवर्णीय आणि गोऱ्या पात्रांचं पहिलं चुंबन कोणतं?

'स्टार ट्रेक' या अमेरिकन मालिकेचं (१९६८) नाव घेतलं जातं, पण ब्रिटन त्याच्या आधीच तिथे पोचलं होतं. १९६४ मधलं 'इमर्जन्सी वॉर्ड १०' मालिकेतलं, जोन हूली यांच्या डॉक्टर पात्राचं, बरीच वर्षं पहिलं मानलं जाई. नंतर संग्रहातून १९६२चं 'यू इन युअर स्मॉल कॉर्नर' सापडलं आणि त्यानंतर १९५९चं 'हॉट समर नाइट'. या दोन्हींत नट एकच, लॉइड रेकॉर्ड. 'पहिलं' हा शब्द जपून वापरा. त्या काळच्या बहुतेक चित्रफिती उरलेल्याच नाहीत.

१९७०च्या दशकातल्या विनोदी मालिकांमध्ये नेमकी अडचण काय होती?

'लव्ह दाय नेबर' (१९७२ ते १९७६) हे उदाहरण घ्या. शेजारी-शेजारी दोन जोडपी, एक गोरं, एक कृष्णवर्णीय. निर्मात्यांचा युक्तिवाद असा होता की गोरा एडी हा मूर्ख दाखवला आहे, शेवटी तोच तोंडावर पडतो, आणि रुडॉल्फ वॉकर यांनी केलेला बिल त्याला तोडीस तोड उत्तर देतो. वरवर पाहता हिशेब बरोबर आहे. पण बाहेर रस्त्यावर तो हिशेब टिकत नव्हता. एडीच्या तोंडच्या शिव्या सोमवारी शाळेच्या मैदानात आणि कारखान्यात खऱ्या माणसांवर फेकल्या जात. बिल जी शिवी परत देई तिच्यामागे मात्र तसा कुठलाच इतिहास नव्हता. शिवाय बिल आणि त्याची बायको बार्बी यांचं स्वतंत्र असं काही जगच नव्हतं. नातेवाईक नाहीत, मित्र नाहीत, एडी आला की त्यांचा प्रवेश सुरू. एखाद्या जुन्या मालिकेचं मोल ठरवताना आम्ही हाच निकष लावतो: गोरं पात्र खोलीतून निघून गेलं तर उरलेल्यांना आपसांत बोलायला काही विषय आहे का?

या काळातले दोन धागे थेट महाराष्ट्राशी जुळतात. अहमदनगरला (आजचं अहिल्यानगर) १९१८ मध्ये जन्मलेले विनोदवीर स्पाइक मिलिगन यांनी १९६९ मध्ये 'करी अँड चिप्स' या मालिकेत तोंडाला तपकिरी रंग लावून अर्धा आयरिश, अर्धा पाकिस्तानी कामगार उभा केला. सहा भागांतच नियामक मंडळाने मालिका थांबवायला लावली. त्याच कारखान्यातल्या कृष्णवर्णीय कामगाराच्या भूमिकेत गायक केनी लिंच होते. दुसरी मालिका 'इट एन्ट हाफ हॉट मम' (१९७४ ते १९८१). ती सुरुवातीला घडते नाशिकजवळच्या देवळालीच्या लष्करी छावणीत, आणि तिथला 'रंगी राम' साकारला मायकेल बेट्स या गोऱ्या नटाने, तोंड रंगवून. बीबीसी ती आता पुन्हा दाखवत नाही. ज्या वर्षांत ब्रिटिश वाहिन्या कृष्णवर्णीय आणि आशियाई नटांना 'योग्य भूमिका नाहीत' असं सांगत होत्या, त्याच वर्षांतल्या या भूमिका आहेत.

'द फॉस्टर्स', 'एम्पायर रोड' आणि 'डेस्मंड्स' यांना इतकं महत्त्व का?

या तिन्ही मालिका क्रमाने पाहिल्या तर काय बदललं ते स्पष्ट दिसतं. तिन्हींत नॉर्मन बीटन हाच नट आहे, त्यामुळे तुलना सोपी जाते.

'द फॉस्टर्स' (१९७६-७७) ही ब्रिटनमधली पहिली विनोदी मालिका जिचा सगळा मुख्य संच कृष्णवर्णीय होता. पण पटकथा 'गुड टाइम्स' या अमेरिकन मालिकेच्या. शिकागोतलं कुटुंब दक्षिण लंडनमध्ये आणून बसवलेलं. चेहरे ब्रिटिश, पण विनोदाची लय आणि घरातली भांडणं परक्या मातीतली.

'एम्पायर रोड' (१९७८-७९) हा खरा टप्पा. लेखक मायकेल ॲबेनसेट्स, गयानाचे. स्थळ बर्मिंगहॅमचं हॅन्ड्सवर्थ. बीटन यांचा एव्हर्टन बेनेट हा चार घरं भाड्याने देणारा, वजन बाळगून असणारा माणूस. म्हणजे तो कोणाची दया मागत नाही, उलट इतरांकडून भाडं वसूल करतो. त्याचा मुलगा शेजारच्या आशियाई मुलीच्या प्रेमात पडतो, आणि दोन्ही घरांतला विरोध दाखवताना लेखक कोणालाच झुकतं माप देत नाही. दुसऱ्या सीझनमध्ये काही भाग हॉरेस ओव्हे यांनी दिग्दर्शित केले. कृष्णवर्णीय लेखक, कृष्णवर्णीय दिग्दर्शक, कृष्णवर्णीय संच हे एकत्र आलं ते इथे. दोन सीझननंतर बीबीसीने मालिका बंद केली, आणि तिची जागा घेणारं काहीच मागे उभं केलं नाही.

'डेस्मंड्स' (१९८९ ते १९९४, चॅनेल ४) हे शिखर. लेखक सेंट लुशियात जन्मलेले ट्रिक्स वॉरेल. एकूण ७१ भाग. दक्षिण लंडनच्या पेकममधलं केशकर्तनालय हे मुख्य स्थळ, आणि ही निवड फार विचाराने केलेली आहे. दुकानात कोणीही येऊ शकतं, बसून राहू शकतं, केस न कापता वाद घालू शकतं. त्यामुळे पात्र आणायला कारण शोधावं लागत नाही. डेस्मंडला गयानाला परत जायचं आहे, बायको शर्लीला (कारमेन मन्रो) तितकीशी घाई नाही. मुलगा मायकेल बँकेत आहे आणि त्याचा त्याला जरा जास्तच अभिमान आहे. गांबियाहून आलेला विद्यार्थी मॅथ्यू प्रत्येक प्रसंगी आफ्रिकन म्हण ऐकवतो आणि कॅरिबियन मंडळी वैतागतात. कृष्णवर्णीय समाजाच्या आतले असे हेवेदावे आणि प्रेम ब्रिटिश टीव्हीवर पहिल्यांदाच इतक्या निवांतपणे आलं. सुरुवातीचं गाणंही बीटन यांनीच म्हटलेलं आहे. मालिका संपली त्याच डिसेंबरात, १९९४ मध्ये, ते गेले.

यात पुण्याचा संबंध कुठून आला?

फारुख धोंडी यांच्यामुळे. १९४४ मध्ये पुण्यात जन्मलेले, पारशी कुटुंबातले, पुढे केंब्रिजला गेलेले. लंडनमध्ये ते शिक्षक होते आणि वंशभेदाविरुद्ध लढणाऱ्या ब्रिटिश ब्लॅक पँथर्स व 'रेस टुडे' मासिकाच्या गटात सक्रिय होते. मुस्तफा मतुरा यांच्यासोबत त्यांनी 'नो प्रॉब्लेम!' (१९८३ ते १९८५) ही मालिका लिहिली. १९८४ ते १९९७ या काळात ते चॅनेल ४च्या बहुसांस्कृतिक विभागाचे कमिशनिंग एडिटर होते.

हे पद म्हणजे काय ते नीट समजून घ्यायला हवं, कारण सगळा खेळ तिथे आहे. चॅनेल ४ (सुरुवात २ नोव्हेंबर १९८२) तेव्हा स्वतः कार्यक्रम बनवत नसे. बाहेरच्या निर्मात्यांकडून विकत घेई. कोणत्या कल्पनेला पैसे द्यायचे, किती भागांचे आणि कुठल्या वेळेला, हे कमिशनिंग एडिटर ठरवतो. त्याच्या हाती स्वतःचं अंदाजपत्रक असतं. 'डेस्मंड्स' त्याच विभागातून आली, आणि तारिक अली व डार्कस हाऊ यांचा 'बॅन्डंग फाइल' हा चालू घडामोडींचा कार्यक्रमही. वॉरेल यांच्याकडे प्रतिभा होतीच. पण त्यांची कल्पना ऐकून 'पेकम कुठे आलं?' असं न विचारणारा माणूस टेबलापलीकडे बसलेला होता, म्हणून ती पडद्यावर पोचली.

बातम्यांमध्ये काय स्थिती होती?

१९६८ मध्ये जमैकाच्या बार्बरा ब्लेक हॅना थेम्स टीव्हीच्या 'टुडे'वर वार्ताहर म्हणून दिसू लागल्या. प्रेक्षकांच्या तक्रारी येत राहिल्या आणि नऊ महिन्यांत त्यांचं काम गेलं. त्रिनिदादचे ट्रेव्हर मॅक्डॉनल्ड १९७३ मध्ये 'आयटीव्ही' या व्यावसायिक वाहिनीसाठी बातम्या बनवणाऱ्या आयटीएनमध्ये आले आणि १९९२ पासून 'न्यूज ॲट टेन' एकट्याने सांगू लागले. मोइरा स्टुअर्ट १९८१ मध्ये बीबीसी टीव्हीवर बातम्या देऊ लागल्या.

१९८१च्या 'ऑथेल्लो'वरून एवढा वाद का?

बीबीसीने शेक्सपिअरची सगळी नाटकं चित्रित करायला घेतली होती. ऑथेल्लोसाठी जेम्स अर्ल जोन्स यांचं नाव पुढे होतं, पण ते अमेरिकन असल्यामुळे 'इक्विटी' या नटांच्या संघटनेने परवानगी नाकारली. मग दिग्दर्शक जोनाथन मिलर यांनी भूमिका दिली अँथनी हॉपकिन्स यांना, त्वचा गडद करून. ब्रिटनमधल्या कृष्णवर्णीय नटांपर्यंत ती पोचलीच नाही. बीबीसीनेच १९५५ मध्ये गॉर्डन हीथ यांना ऑथेल्लो केलं होतं, त्यामुळे 'तसा विचारच तेव्हा नव्हता' ही सबबही चालत नाही. आयटीव्हीने २००१ मध्ये इमन वॉकर यांना घेऊन आजच्या लंडनमधला पोलीस आयुक्त ऑथेल्लो केला, तो आवर्जून पाहावा.

जुन्या मालिकांमध्ये कृष्णवर्णीय चेहरे काळपट, सपाट का दिसतात?

नटांची त्वचा हे कारण नाही. कॅमेऱ्याची मापं आणि स्टुडिओची सवय दोन्ही गोऱ्या चेहऱ्यावर बसवलेली होती. गडद आणि अगदी उजळ त्वचेत प्रकाश परावर्तित करण्याचा फरक दोन-तीन स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा प्रकाश) पडू शकतो. मल्टिकॅमेरा (एकाच वेळी अनेक कॅमेऱ्यांनी टिपलेल्या) मालिकेत सगळीकडे एकसारखा, वरून येणारा प्रकाश असे आणि चित्राचा उजेड सांभाळणारा व्हिजन कंट्रोलवरचा इंजिनिअर आयरिस (लेन्समधलं प्रकाश कमी-जास्त करणारं छिद्र) उजळ चेहऱ्यावर लावून ठेवी. मग शेजारी उभ्या असलेल्या गडद चेहऱ्यावरचे बारकावे काळ्यात बुडून जात, आणि डोळे, दात आणि शर्टाची कॉलर तेवढी चमके.

आता चांगले कॅमेरामन काय करतात, ते क्रमाने:

१. एक्स्पोजर (कॅमेऱ्यात किती प्रकाश घ्यायचा ते) चेहऱ्यावर मोजतात, पूर्ण फ्रेमच्या सरासरीवर नाही.
२. की लाइट (मुख्य दिवा) मोठा आणि मऊ ठेवतात, जरा बाजूने. गडद त्वचेवर आकार उठून दिसतो तो चकाकीच्या कडांमुळे. समोरून थेट मारलेल्या उजेडात त्या कडा मरतात. थर्माकोलवरून उसळवलेला उजेड इथे फार उपयोगी पडतो.
३. मागून बॅक लाइट देतात, नाहीतर गडद केस आणि गडद भिंत एक होऊन जातात.
४. दोन वेगळ्या वर्णांचे नट एकाच फ्रेममध्ये असतील तर गडद त्वचेच्या नटाला की लाइटच्या जवळ उभं करतात आणि दुसऱ्यावरचा उजेड कटर (उजेड अडवणारी पट्टी) किंवा जाळी लावून कमी करतात. सगळीकडचा उजेड वाढवला तर उजळ चेहरा पांढराफटक पडतो.
५. पांढराशुभ्र शर्ट आणि मागची उघडी खिडकी टाळतात.

रंगभूषेत सर्वांत जास्त बिघडतं ते पावडरमुळे. चकाकी मारायला वापरतात त्या बहुतेक फिक्या पावडरींत टायटॅनियम डायऑक्साइड असतं. गडद त्वचेवर ती राखेसारखी, करडी दिसते. उपाय म्हणजे त्वचेच्या अंतर्छटेला (तांबूस, पिवळसर, निळसर) जुळणारं फाउंडेशन, आणि चकाकी पूर्ण न मारता फक्त कपाळ-नाकावर टिपकागद. केसांचंही तेच. वेण्या आणि कुरळे केस हाताळता येणारा माणूस संचात नसेल तर नट पहाटे घरूनच तयार होऊन येतो, त्या वेळेचे पैसे त्याला मिळत नाहीत, आणि दोन दिवसांच्या चित्रीकरणात कंटिन्युइटी (दृश्यांतला सलगपणा) तुटते. अनेक कृष्णवर्णीय अभिनेत्री स्वतःचं फाउंडेशन सोबत घेऊन सेटवर जात आल्या आहेत. त्यांच्याशी बोलताना भूमिकांच्या आधी हा विषय निघतो.

चांगले नट अमेरिकेला का गेले?

कारण इथे शिडीची पहिली पायरी होती, चौथी नव्हती. ब्रिटिश मालिकेचा सीझन बहुधा सहा भागांचा, अमेरिकन नेटवर्कचा बावीसच्या आसपास. म्हणजे एका भूमिकेतून मिळणारं काम आणि उत्पन्न कितीतरी जास्त. शिवाय ब्रिटिश वाहिन्यांचा मोठा पैसा जुन्या काळातल्या सरंजामी नाट्यांवर जाई आणि तिथे कृष्णवर्णीय नटांना घेतलंच जात नसे. 'एम्पायर रोड'मधले जोसेफ मार्सेल १९९० पासून 'फ्रेश प्रिन्स'मध्ये बटलर जेफ्री झाले. मॅरिआन जाँ-बाप्टिस्ट 'विदाउट अ ट्रेस'मध्ये सात सीझन होत्या. इद्रिस एल्बा यांना 'द वायर'ने (२००२) नाव दिलं. 'ल्यूथर' (२०१०) ही बीबीसीची मुख्य भूमिका त्यानंतर आली. डेव्हिड हेअरवुड यांचं 'होमलँड'ही तसंच.

जुने कार्यक्रम बघायला का मिळत नाहीत?

सुरुवातीचं बहुतेक प्रक्षेपण थेट होतं. १९५८ नंतर दोन इंची व्हिडिओटेप आली, पण ती महाग होती. नटांच्या संघटनेशी झालेल्या करारांमुळे पुनःप्रक्षेपणावर मर्यादा होत्या. त्यामुळे एकदा दाखवून झालेली टेप पुसून पुन्हा वापरणं हाच शहाणपणा मानला जाई. बीबीसीने हे धोरण १९७८च्या सुमारास बदललं. त्यात गोऱ्यांचे कार्यक्रमही पुसले गेले. पण जिथे मुळात दहाच नाटकं होती तिथे चार पुसली की इतिहासच संपतो.

जून २०२० मध्ये काही कार्यक्रम काढून टाकले, ते योग्य होतं का?

'लिटिल ब्रिटन' आणि 'कम फ्लाय विथ मी' हे विनोदी कार्यक्रम बीबीसीच्या आयप्लेअर या ऑनलाइन सेवेवरून व नेटफ्लिक्सवरून काढले गेले, कारण त्यांत गोऱ्या नटांनी तोंड काळं केलं होतं. यूकेटीव्ही या वाहिनीसमूहाने 'फॉल्टी टॉवर्स' या जुन्या विनोदी मालिकेचा एक भाग काढला आणि टीका झाल्यावर सूचना जोडून परत ठेवला. आमचं मत स्पष्ट आहे: संदर्भाची सूचना जोडून संग्रहात ठेवावं, शनिवारच्या करमणुकीत दाखवू नये. पूर्ण नाहीसं केलं तर उद्या कोणीही म्हणेल की असं काही घडलंच नव्हतं. आणि कोणत्याही कृष्णवर्णीय लेखकाने त्या वेळी मुख्यतः 'जुनं काढा' अशी मागणी केलेली आठवत नाही. मागणी नव्या कामाची होती.

त्याच वर्षी ५ सप्टेंबरला 'डायव्हर्सिटी' या नृत्यसंचाने 'ब्रिटन्स गॉट टॅलेंट'वर अमेरिकेत पोलिसाच्या हातून मारले गेलेले कृष्णवर्णीय जॉर्ज फ्लॉइड यांच्या मृत्यूवर आधारित नृत्य केलं, तेव्हा ऑफकॉम या प्रसारण नियामकाकडे सुमारे २४,५०० तक्रारी गेल्या. ऑफकॉमने त्या फेटाळल्या.

आकडे काय सांगतात? ते कसे वाचायचे?

२०२१च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये कृष्णवर्णीय लोकसंख्या ४.० टक्के होती, लंडनमध्ये १३.५ टक्के. बहुतेक निर्मिती लंडनमध्ये होते, म्हणून 'देशाच्या प्रमाणात आहेत ना?' हा प्रश्न अर्धवट आहे.

२०१६ पासून 'डायमंड' या व्यवस्थेतून मोठ्या वाहिन्या माहिती गोळा करतात. ती वाचताना तीन ठिकाणी चूक होते. एक, त्यात माणसं मोजत नाहीत, सहभाग मोजतात. रोजच्या मालिकेतला एक नट शंभर वेळा मोजला जाऊ शकतो. दोन, फॉर्म भरणं ऐच्छिक आहे, आणि बरेच जण भरत नाहीत. तीन, पडद्यावरचे आणि पडद्यामागचे आकडे वेगळे आहेत. पडद्यावर कृष्णवर्णीयांचं प्रमाण लोकसंख्येपेक्षा जास्त दिसतं, लेखन-दिग्दर्शनात ते घसरतं. फक्त पहिला आकडा वाचून 'आता प्रश्न सुटला' म्हणणारे बरेच आहेत.

लेनी हेन्री यांनी मार्च २०१४ मध्ये बाफ्टा या ब्रिटिश चित्रपट-टीव्ही अकादमीच्या व्याख्यानात नेमकं यावर बोट ठेवलं. सर्जनशील उद्योगांतलं वांशिक अल्पसंख्याकांचं प्रमाण २००६ मधल्या ७.४ टक्क्यांवरून २०१२ मध्ये ५.४ टक्क्यांवर आलं होतं. प्रशिक्षण योजना खूप झाल्या, राखीव पैसा ठेवा, अशी त्यांची मागणी होती. जून २०२० मध्ये बीबीसीने तीन वर्षांसाठी १० कोटी पौंड वेगळे काढायचं जाहीर केलं आणि पडद्यामागच्या संचात २० टक्क्यांची अट घातली.

आज कोणाचं काम पाहावं?

मायकेला कोल यांच्यापासून सुरुवात करा. 'च्युइंग गम' (२०१५-१७) आणि मग 'आय मे डिस्ट्रॉय यू' (२०२०). दुसऱ्या मालिकेसाठी नेटफ्लिक्सने दहा लाख डॉलर देऊ केले होते. कोल यांनी कॉपीराइटमधला वाटा मागितला, घासाघीस करत अर्ध्या टक्क्यापर्यंत खाली आल्या, तोही मिळेना तेव्हा त्यांनी नकार दिला आणि बीबीसीकडे गेल्या. तिथे हक्कही मिळाले आणि आशयावर ताबाही. हक्क का महत्त्वाचे? पुनःप्रक्षेपण, परदेशी विक्री, रूपांतर या सगळ्यांचं उत्पन्न हक्काच्या मालकाकडे जातं, आणि त्या पैशावरच लेखक पुढची दोन वर्षं दुसऱ्याच्या अटी न मानता लिहू शकतो.

स्टीव्ह मॅक्वीन यांचे 'स्मॉल ॲक्स'चे पाच चित्रपट (२०२०) क्रमाने बघा. पहिला 'मॅन्ग्रोव्ह' हा पोलिसांविरुद्ध निदर्शनं करणाऱ्या कृष्णवर्णीय कार्यकर्त्यांवरच्या, १९७१च्या ५५ दिवस चाललेल्या खटल्यावर आहे; त्यातला स्वतःची बाजू स्वतः मांडणारा आरोपी डार्कस हाऊ म्हणजेच पुढे 'बॅन्डंग फाइल' करणारे हाऊ. ॲजानी सॅमन यांची 'ड्रीमिंग व्हाइल्स्ट ब्लॅक' आधी वेब मालिका होती, २०२३ मध्ये बीबीसीवर आली. 'टॉप बॉय' (२०११ पासून) अभिनयासाठी पाहाच, पण लंडनचे सगळे कृष्णवर्णीय तरुण अमली पदार्थांच्या धंद्यात आहेत असा समज तेवढ्यावरून करून घेऊ नका.

'डॉक्टर हू'मध्ये कृष्णवर्णीय डॉक्टर आला म्हणजे वर्ण न पाहता पात्रयोजना होऊ लागली का?

('डॉक्टर हू' ही बीबीसीची विज्ञानकथा मालिका; 'डॉक्टर' हा तिचा काळप्रवासी नायक, आणि ती भूमिका करणारे नट बदलत राहतात.) वर्ण न पाहणं आणि वर्ण लक्षात घेऊन लिहिणं या दोन वेगळ्या पद्धती आहेत. पहिलीत भूमिका आधीच लिहिलेली असते, नट कोणीही चालतो. धोका असा की पात्राला आई-वडील, खाणंपिणं, बोलीभाषा काहीच मिळत नाही. दुसरीत नट ठरल्यावर पटकथा पुन्हा लिहिली जाते. २००७ मधल्या डॉक्टरच्या सोबतिणीला, मार्था जोन्सला (फ्रीमा अजिमन), शेक्सपिअरच्या लंडनमध्ये उतरताच 'मला गुलाम करून नेणार नाहीत ना?' अशी भीती वाटते. तो संवाद नटी कोण हे पाहूनच लिहिलेला आहे. २०२० मध्ये जो मार्टिन आणि २०२३ मध्ये रवांडात जन्मलेले शूटी गटवा डॉक्टर झाले.

भारतात बसून या विषयाचा शोध कसा घ्यायचा?

आयप्लेअर आणि ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटचा (बीएफआय) प्लेअर भारतात चालत नाहीत, पण 'बीबीसी जीनोम' ही 'रेडिओ टाइम्स'च्या १९२३ ते २००९ मधल्या कार्यक्रमपत्रिकांची सूची कुठूनही मोफत उघडते. नटाचं नाव इंग्रजी अक्षरांत टाका, टीव्ही निवडा, वर्षांची मर्यादा घाला. नावाची स्पेलिंगं दोन-तीन प्रकारे टाकून पाहा. जुन्या अंकांत चुका आहेत. पत्रिकेत वंश लिहिलेला नसतो, म्हणून वंशावरून शोधण्यापेक्षा एका नाटकाचा संच उघडून त्यातल्या प्रत्येक नावावर पुढे जा. 'अ मॅन फ्रॉम द सन' यासाठी उत्तम सुरुवात आहे.

दोन मर्यादा लक्षात ठेवा. ही पत्रिका आधी छापलेली असे, त्यामुळे ऐनवेळी बदललेला कार्यक्रम किंवा नट तिच्यात दिसत नाही. आणि तिच्यात फक्त बीबीसी आहे. 'हॉट समर नाइट', 'लव्ह दाय नेबर', 'द फॉस्टर्स' या आयटीव्हीच्या, त्या इथे सापडल्या नाहीत तर घाबरू नका; त्यांच्यासाठी 'टीव्ही टाइम्स'चे जुने अंक किंवा बीएफआयच्या संकेतस्थळावरचे लेख पाहावे लागतात.